मनू, सूपचं लिहितोय, खोकल्याचं नाही

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सअ‍ॅपवर लांब लिहिलं की तू न वाचता अंगठा पाठवतेस म्हणून मेल करतोय. रविवारी फोन कट झाला असं तू आईला सांगितलंस, तो कट नव्हता झाला, तू ठेवलास, असू दे. मी विचारलं काय होतं तर खोकला कधीपासून आहे, एवढंच. तेव्हापासून आई मला बजावतेय की पोरीसमोर आता खोकल्याचा ख काढायचा नाही, ती काय लहान आहे का. बरं म्हटलं, नाही काढत. आणि काल रात्री तुझा व्हॉइस मेसेज आला, बाबा तुम्ही ते पार्सलसारखं चिकन स्वीटकॉर्न सूप करायचात ना, ते नीट लिहून पाठवा, आणि मधेच आवाज गेला. फोन लांब धरलास तू. लांब धरला तरी ऐकू येतं गं, हल्लीचे फोन चांगले असतात.

तर सूप. दुसरं काही लिहिणार नाही.

पाकिटातली पावडर आणायची नाही हे पहिलं. त्यात कॉर्नफ्लॉवर, मीठ, साखर आणि नावाला चार वाळके दाणे. आणि चिकन बोनलेस आणायचं नाही. तुम्हा पोरांचं बोनलेसच्या पुढे काही जात नाही, हाड दिसलं की तोंड वाकडं, पण पार्सलच्या सूपची सगळी चव हाडात असते. आमच्या हॉटेलात काय व्हायचं, सकाळी कोंबड्या यायच्या, छातीचं मांस चिली चिकनला, पंखांचं लॉलीपॉप, तंगडीचं मांस फ्राइड राइसला, आणि उरलेले सांगाडे मागच्या भट्टीवरच्या मोठ्या टोपात. तो टोप सकाळी चढला की रात्री गिऱ्हाईक संपेपर्यंत मंद चालू. सूपला पाणी त्यातलंच, ग्रेव्हीलाही त्यातलंच. म्हणजे सूप मालकाला जवळपास फुकट पडायचं, वर तरंगायला चार धागे चिकन, आणि तरी लोक वन बाय टू मागायचे. दोन बाऊलमध्ये सारखं पडलं पाहिजे, एकात जास्त गेलं की वेटर आमच्यावर आणि गिऱ्हाईक वेटरवर.

तू कोंबडीवाल्याकडून अर्धा किलो हाडासकट घे, पाठ आणि मान दे म्हणावं जास्तीची, ती तो स्वस्तात देतो. त्यात एक तुकडा छातीचा असू दे. धुऊन टोपात घाल आणि दीड लिटर गार पाणी ओत. गारच. गारपासून हळूहळू तापलं की सगळा करडा फेस वर येतो, तो पळीने काढता येतो. मग आल्याचा तुकडा ठेचून, कांद्याच्या पातीचा खालचा पांढरा भाग, चार मिरी. हळद नाही. आई म्हणेल चिमूटभर घाल, घशाला बरी, पण पिवळं झालं की ते आपलं कोंबडीचं पाणी झालं, चायनीज नाही राहिलं. गॅस बारीक, खळाखळा उकळलं की चरबी पाण्यात मिसळून दुधट होतं. छातीचा तुकडा वीसेक मिनिटांनी काढ, कापून बघ आत गुलाबी नाही ना, गार झाला की हाताने उभे धागे सोड, सुरीने चौकोन करू नकोस. हाडं मात्र पाऊण तास राहू देत. कुकरला लावलंस तर तीन-चार शिट्ट्यांत होतं, थोडं गढूळ होतं पण नऊला घरी येणाऱ्या माणसाने किती नखरे करायचे. कुकरला लाव.

नऊलाच येतेस ना अजून? तो एसी, मग बाहेरची धूळ, मग परत एसी. असो.

मका. हॉटेलात आम्ही टिन फोडायचो, क्रीम स्टाइल कॉर्न म्हणून येतो, म्हणजे मक्याचे थोडे अख्खे दाणे आणि बाकीचे त्याच्याच दाट रसात. पार्सलच्या सूपला जो गोडसर दाटपणा असतो तो त्या टिनाचा. क्रॉफर्ड मार्केटला अजून मिळतो, तुझ्या अ‍ॅपवरही मिळेल, पण गरज नाही. दोन स्वीटकॉर्नची कणसं घे, दाणे सोल, निम्म्याहून जास्त दाणे थोडं पाणी घालून मिक्सरला फिरव, अगदी गंध नको, थोडं भरड राहू दे, बाकीचे अख्खे. सालं फार वाटली तर वाटलेलं गाळून घे. आणि दाणे काढलेली कणसं फेकू नकोस, मोडून स्टॉकमध्ये टाक, त्यात गोडवा असतो. हे हॉटेलात कुणी करत नव्हतं, हे माझं. पावसात गाडीवर भाजून मिळतो तो देशी मका घेऊ नकोस, त्यात साखरेपेक्षा पीठ जास्त, सूप जड होतं आणि चव लागत नाही. स्वीटकॉर्नसुद्धा तोडल्यापासून त्यातली साखर हळूहळू पिठात बदलत जाते, म्हणून चार दिवस फ्रिजमध्ये पडलेला असेल तर त्यापेक्षा फ्रोझन दाणे बरे. आणि मग चमचाभर साखर घालायला लाजू नकोस.

मी हे सूप पहिल्यांदा केलं तेव्हा मला चायनीज काय असतं हेच माहीत नव्हतं. तुला गिरण्यांच्या संपाचं माहीत आहे पण तू ते पुस्तकातलं समजतेस, १८ जानेवारी १९८२, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार. आमच्या खोलीत ते असं होतं की अप्पा रोज सकाळी उठून दाढी करायचे आणि तयार होऊन गॅलरीत बसायचे, जायचं कुठेच नसायचं. मला कॉलेजचं वर्ष सोडावं लागलं आणि नाक्यावरच्या सावंतकाकांच्या ओळखीने मी फोर्टातल्या त्या हॉटेलात भांड्यांवर लागलो. भांड्यांवरून भाजी कापायला, मग भट्टीवर. तिथला उस्ताद कलकत्त्याचा हक्का चिनी, हिंदी बोलायचा पण बंगाल्यासारखं. मुंबईत त्यांची माणसं तेव्हाही थोडीच राहिली होती. माझगावला त्यांचं देऊळ आहे, सी यप कून, १९१९ सालचं, वरच्या मजल्यावर, तिथे त्याच्या नवीन वर्षाला मी गेलोय, उदबत्तीच्या धुराने डोळे चुरचुरले होते. स्वभावाने चांगला होता पण १९६२ च्या लढाईचा विषय निघाला की हातातलं काम टाकून बाहेर जाऊन उभा राहायचा. आम्ही परत विचारलं नाही.

तुला वाटतं हे सगळं चीनमधून आलं. मका मुळात मेक्सिकोकडचा, टिन परदेशातले, हाडं क्रॉफर्ड मार्केटची, आणि भट्टीवर कोकणातला पोरगा. मांचुरियन तर इथलंच, नेल्सन वांगने १९७५ मध्ये चर्चगेटच्या क्रिकेट क्लबात केलं असं सांगतात, तोही कलकत्त्याहून आलेला. आमचा उस्ताद म्हणायचा मी पण केलं असतं, मला कुणी सांगितलं नाही. त्याचं हे रोजचं होतं.

आता कॉर्नफ्लॉवर, इथे सगळे फसतात. सव्वा लिटर सूपला तीन मोठे चमचे, सपाट, वाटीभर गार पाण्यात कालवायचं. गरम पाण्यात कालवलं की गुठळ्या. आणि कालवून ठेवलं की ते तळाशी बसतं, दगड होतो, म्हणून ओतायच्या आधी परत बोटाने ढवळायचं. सूप उकळत असताना एका हाताने पळी फिरवत तीन वेळा थोडं थोडं ओतायचं, प्रत्येक वेळी थांबून बघायचं किती दाट होतंय. उकळी यायलाच हवी, नुसतं गरम असून चालत नाही, त्याशिवाय ते फुगत नाही आणि कच्च्या पिठाचा वास राहतो. पांढुरकं होतं ते पारदर्शक झालं, चमक आली, पळीच्या पाठीला धरलं की झालं. त्यापुढे उकळवत बसलीस आणि घोटत राहिलीस तर परत पातळ होतं.

घरी पहिल्यांदा डब्यात सूप आणलं तेव्हा अप्पांनी बोट बुडवून दोन बोटांत घासून बघितलं आणि म्हणाले ही तर खळ. बरोबरच होतं गं. ते सायझिंग खात्यात होते, ताण्याच्या सुताला खळ लावायचे, ती पिठाचीच, मक्याचं पीठही त्यात असायचं. जन्मभर जे सुताला लावलं ते पोराने वाटीत घालून आणलं म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार माणूस. पण खाल्लं. पाव बुडवून खाल्लं. नंतर विचारायचे, आज खळ उरली नाही का रे. उस्तादाला कळलं होतं मी नेतो ते, तो जाताना टोपातलं दाट दाट स्वतःच डब्यात घालून द्यायचा, एकदा म्हणाला, तेरा बाप खांसता है ना, अदरक ज्यादा डाला है.

म्हणजे त्याला माहीत होतं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. भिंती कागदाच्या त्या, गॅलरीत कुणी शिंकलं तरी चौथ्या खोलीतून सत्यनारायण म्हणायचे. पण अप्पा म्हणायचे गिरणीतला कापूस आहे, गिरणी बंद आहे म्हणजे आता आपोआप जाईल. पगार नव्हता, डॉक्टर म्हणजे खर्च, म्हणून ते खोकताना उठून संडासाच्या बाजूला जायचे, आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. शेवटी रक्त पडलं तेव्हा माईआत्याने रडून गोंधळ घातला आणि मग शिवडीचं हॉस्पिटल. तू जे अप्पा बघितलेस, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायचे आणि तुला म्हणायचे ये, इथे बसून गोष्ट सांगतो, ते बरे झालेले अप्पा होते मनू. गोष्ट सांगायला नव्हते थांबत.

नाही लिहिणार म्हटलं होतं. पुढे जातो.

उष्टा चमचा सूपमध्ये घालायचा नाही. उस्ताद ह्या एकाच गोष्टीवर मारायचा, खरोखर, पळीचा दांडा पाठीत. चव बघायची तर वेगळ्या वाटीत ओतून, नाहीतर तळहातावर. मला वाटायचं आपल्यासारखाच सोवळंओवळं पाळणारा दिसतोय. मग तू शाळेत असताना एकदा तो आयोडीनचा प्रयोग करून आलीस, भाताची पेज, लाळ, आयोडीन, निळं झालं नाही बघा बाबा, लाळेतल्या अमायलेजने पीठ तोडलं. मी तिथे ओट्यापाशी उभा होतो आणि मला उस्तादाची पळी आठवली. चाटलेला चमचा परत टोपात गेला की सूप थोड्या वेळाने पाणी होतं ते ह्याने. आपल्या बाऊलमधलं सूपसुद्धा खाता खाता शेवटी पातळ होतं बघ. इतकी वर्षं भट्टीवर काढून मला जे कळलं नव्हतं ते तू दप्तर खाली ठेवायच्या आत सांगितलंस. मी दुसऱ्या दिवशी आमच्या कॅश काउंटरवरच्या शेट्टीलाही सांगितलं, माझी मुलगी म्हणते म्हणून. शेट्टी म्हणाला तिला डॉक्टर करा. आता तू कॉम्प्युटरमध्ये गेलीस, त्यातही चांगलंच आहे, मी काही म्हणत नाही.

अंडं. एक पुरे. पांढऱ्याने पांढरे धागे पडतात, पार्सलवाले बहुतेक तेच करतात, पण तू अख्खं घाल, ताकदीची गरज आहे. काट्याने नीट फेट, फेस येईपर्यंत नको. कॉर्नफ्लॉवर घालून सूप दाट झाल्यावरच अंडं, आधी घातलंस तर तळाला जाऊन त्याचं ऑम्लेट होतं. गॅस अगदी बारीक कर, पळीने सूप एका दिशेने गोल फिरव आणि काट्याच्या टोकावरून बारीक धार सोड. मग हात काढून घे. मोजून दहा म्हण, तेवढ्यात धागे धरतात, मग एकदा हलकेच फिरव. घाईने ढवळलंस तर सगळं गढूळ, धागे दिसतच नाहीत. हे एकच कौशल्याचं काम आहे, बाकी सगळं कुणालाही जमतं.

मीठ, अर्धा चमचा पांढरी मिरी, नसेल तर काळी चालेल, ठिपके दिसतील एवढंच. सोया सॉस लाइट असेल तर एक चमचा, डार्क असेल तर घालूच नकोस, रंग जातो. चिकनचे धागे शेवटी. कांद्याची पात वरून. तिळाचं तेल असलं तर दोन थेंब, चायनीजवाल्यांकडे मिळतं ते भाजलेल्या तिळाचं, आपलं नाही. आमच्या नाक्यावरच्या लाल गाडीवर तेल-बिल काही नसतं आणि तरी तिथे ओळ असते. व्हिनेगरमधल्या मिरच्या घ्यायच्या तर बाऊलमध्ये, टोपात व्हिनेगर उकळलंस की सूप पातळ होतं. आणि सध्या मिरची आणि आंबट नकोच तुला, घसा आहे.

अजिनोमोटो. तू नाक मुरडणार हे माहीत आहे. हाडांचा स्टॉक नीट झाला असेल तर लागत नाही, पण हुबेहूब पार्सलची चव हवी असेल तर पाव चमचा. त्याला उगाच बदनाम केलंय. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा नावाच्या प्राध्यापकाने समुद्रातल्या शेवाळाच्या रश्शातून ती चव वेगळी काढली, टोमॅटोत असतं तेच ग्लुटामेट. मग १९६८ मध्ये अमेरिकेत एका डॉक्टरने वैद्यकीय साप्ताहिकाला पत्र लिहिलं की चायनीज जेवलं की माझी मान बधिर होते, कशाने होत असेल, सोया सॉस की वाइन की मीठ की अजिनो. विचारलं होतं फक्त त्याने. पण लोकांनी अजिनो तेवढं उचललं. पुढे तपासण्या झाल्या, नेहमीच्या खाण्याएवढ्या प्रमाणात ठोस काही निघालं नाही. माझं तर आयुष्य त्या वासात गेलं, माझी मान तुझ्या आईमुळे दुखते.

सांगायचं हे की तपासलं की कळतं. न तपासता अंदाज करत बसलं की काहीही वाटतं, त्या डॉक्टरलाही आणि मलाही. तू म्हणतेस समोर बांधकाम आहे, मेट्रोचं काम आहे, अर्धं ऑफिस खोकतंय. असेल. थंडीच्या दिवसांत मुंबईची हवा वाईटच असते, मलाही सकाळी खाकरावं लागतं. अ‍ॅलर्जी असेल, अ‍ॅसिडिटीनेसुद्धा कोरडा खोकला येतो, बारा कारणं आहेत. मी त्या आजाराचं नाव घेत नाहीये. पण दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला तर थुंकी तपासून घ्यायची, हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, पालिकेच्या दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, आणि फुकट करतात, तुला लाज वाटत असेल तर प्रायव्हेटला कर, पैसे मी देतो, नाही, तुझ्याकडे आहेत माहीत आहे मला. दोन आठवडे झाले का नाही एवढं फक्त सांग. संध्याकाळी अंग कसकसतं का, रात्री घामाने उशी ओली होते का. दिवाळीला तुझा तो हिरवा ड्रेस आईने दोन्ही बाजूंनी आत घेतला, म्हणाली रेडीमेडचं माप असंच असतं. आई पण बघते सगळं, बोलत नाही. आणि आता अप्पांसारखं नसतं गं, साधा प्रकार असेल तर सहा महिन्यांच्या गोळ्यांनी साफ बरं होतं, लवकर कळलं तर जिन्यावर कुणाला थांबावं लागत नाही. फक्त गोळ्या मधे सोडायच्या नाहीत. बघ, मी तुला औषधंसुद्धा चालू केली. सॉरी.

सॉरी खरंच. तू म्हणतेस बाबा तुम्ही एक गोष्ट धरली की सोडत नाही, तर ते भट्टीवरचं आहे, तिथे लक्ष सुटलं की करपतं. तू वेगळी राहायला गेलीस तेव्हा मी बोललो नाही, आठव. माईआत्या बोलली, दादा बोलला, लग्नाआधी मुलगी लालबागवरून पवईला कशाला, आणि मी तुझं कपाट टेम्पोत चढवलं. आपल्या चाळीत स्वतःच्या नावावर भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट केलेली तू पहिली. त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे. कशाला आहे विचारू नकोस, अशीच ठेवलीये. खाली कुणी विचारलं की मी सांगतो तलावाजवळ राहते, मग ते विचारतात तलाव दिसतो का खिडकीतून, मी हो म्हणतो, तुझ्या खिडकीतून पार्किंग दिसतं ते कशाला सांगायचं.

अजून एक, उरलेलं कसं ठेवायचं ते. कॉर्नफ्लॉवर घातलेलं सूप फ्रीझरला टाकू नकोस, परत गरम केलं की पाणी वेगळं सुटतं आणि अंड्याचे रबरासारखे तुकडे होतात. नुसता स्टॉक गाळून डब्यांत भरून फ्रीझ कर, मक्याचं वाटण वेगळं. मग रात्री उशीर झाला तरी डबा काढला, उकळला, वाटण, कॉर्नफ्लॉवर, अंडं, पंधरा मिनिटांत बाऊल हातात. स्टॉक दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचा नाही, कोंबडीचं पाणी आहे ते, आंबतं. खाली टबात गार पाणी घेऊन त्यात टोप ठेवला की लवकर निवतो. आणि वाफ लागून नाक मोकळं होतं, घशाला बरं वाटतं, गरम आहे म्हणून वाटतं. ह्या सूपने खोकला जात नाही मनू. अप्पांचा पण नव्हता गेला, नाहीतर मी ते डबे किती नेले.

शनिवारी मी येतोय. नाही म्हणू नकोस, सुट्टी आहे तुला, मी दादाकडून काढून घेतलं. सकाळची स्लो पकडून करी रोडवरून कांजूरमार्गला उतरतो, तिथून रिक्षा. कोंबडीवाल्याला इथे सांगून ठेवलंय, पाठी आणि माना पिशवीत घालून देईल, तुझ्या तिकडचे लोक नुसते लेगपीस विकतात. स्टॉक चढवून ठेवू, पाऊण तास गॅसवर आपला आपण चालू राहतो, तुझी ती मैत्रीण असेल तर लक्ष ठेवेल, तेवढ्यात आपण दोघं खाली जाऊन एक एक्स-रे काढून येऊ. मी चौकशी केलीये, तुझ्या गल्लीच्या तोंडाशीच आहे, शनिवारी एकपर्यंत उघडं असतं. माझाही काढायचाच आहे, मला सकाळी खाकरावं लागतं ते मी वर सांगितलंच. दोघांचा काढू. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, तिला सूप करायला जातो एवढंच माहीत आहे.

तुझा,
बाबा

ता.क. तू मघाशी आईला किराण्याचा फोटो पाठवलास तो तिने दाखवला. तो कॉर्नफ्लॉवर नाही, कस्टर्ड पावडर आहे. असते कॉर्नफ्लॉवरचीच पण रंग आणि व्हॅनिला घातलेली. त्याचं सूप करू नकोस, मी इथून पाव किलो घेऊन येतो. अंडी तेवढी आणून ठेव.